मऊ चाकं

रोबोटच्या स्पर्धेसाठी विज्ञानाच्या बाईंना शाळेच्या रोबोटच्या पंज्यात बसवायची, चेंडू आत ओढणारी चाकं ठरवायची होती. संघात त्यांची लेकही होती. ती म्हणाली, "टणक रबराचीच घेऊ. मऊ चाकांत चेंडू रुतून बसेल." बाईंना ते पटलंही होतं. पण 'स्वतःच्या पोरीचंच ऐकतात' असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी दुसऱ्या मुलीने सुचवलेली मऊ चाकं बसवली.

स्पर्धेत पहिलाच चेंडू रुतला आणि वेळ संपेपर्यंत सुटलाच नाही. ती मुलगी ओक्साबोक्शी रडू लागली.

"आई, तुला माहीत होतं ना?" लेकीने विचारलं.

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मग तिला तसं सांग."

बाई त्या मुलीजवळ जाऊन बसल्या, पण "रडू नकोस, पुढच्या वेळी जिंकू," एवढंच म्हणाल्या.