माझ्या कॅमेऱ्याला न बसणारी लेन्स

किस्से लेन्सच्या टोपणांसारखे असतात. ड्रॉवरमध्ये साठत जातात, एकाचं दुसऱ्याला बसत नाही आणि टाकवतही नाहीत.

मी चौथी शिकलेली, कोल्हापुरात लग्नाचे फोटो काढते. आम्ही तिघं: मी, दत्तू आणि बापू. तिघांचे कॅमेरे एकाच कंपनीचे, मोठी लेन्स फक्त माझ्याकडं. लग्नसराईत कोणी ना कोणी दारात हजर, "अक्का, लेन्स द्या की." लेन्स न्यायला यायचे अन् चहा पिऊन, भांडून जायचे. एकट्या बाईच्या दाराची कडी तेवढीच वाजायची.

*

पहिला दत्तू फिरला. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा घेतला आणि माझी लेन्स त्याला लावायला बसला. लेन्स जिथं अडकते ते माउंट प्रत्येक कंपनीचं वेगळं. हा आपला पिळतोय. मी म्हटलं, "सोड. लोणच्याची बरणी न्हाय ती."

*

मग त्यानं तिसऱ्याच कंपनीची स्वस्तातली ऑटोफोकस लेन्स आणली. झकास चालली. पण कॅमेऱ्याला अपडेट आलं, यानं ते घेतलं, आणि कोडोलीच्या लग्नात ऐन अक्षतांना लेन्स फोकस धरेना. नवरी धुक्यात, भटजींचं पोट कोरल्यासारखं स्वच्छ. वर स्क्रीन सांगतोय, लेन्स लावलेलीच नाही.

दत्तू रडकुंडीला येऊन माझ्याकडं. "अक्का, लेन्स डोळ्यांसमोर हाय अन् हे म्हणतंय न्हायच."

"माझ्या सासूचं तसंच हुतं. मी चुलीपुढं बसलेली असायची अन् ती दारातनं विचारायची, घरात कोण हाय का?"

दत्तू हसला. मी चहा ओतला.

*

कंपनीला फोन मीच लावला. पलीकडचा माणूस फार गोड. म्हणाला, आमच्या कॅमेऱ्याला आमचीच लेन्स वापरा, बाहेरची लावली तर जबाबदारी आमची नाही. मी म्हटलं, "बाहेरची म्हणून नांदवायची न्हाय व्हय? चांगलं घराणं हाय की तुमचं!"

त्यानं होल्डवर ठेवलं. बराच वेळ गाणं वाजत राहिलं. मी ठेवला नाही फोन. घरात कोणीतरी गात होतं.

दत्तूनं शेवटी त्यांचीच लेन्स घेतली आणि यायचा थांबला.

*

मग बापूनंही कॅमेरा बदलला. आता माझी लेन्स त्याला बसत नाही, त्याची मला. दाखवायला आला तेव्हा मी भारी म्हटलं. लग्नसराई लागली, कडी काही वाजली नाही. मोठी लेन्स मी रोज पुसायची, धूळ नसली तरी.

*

परवा मीच बापूच्या घरी गेले. म्हटलं, "शिरोळला लगीन हाय. तुझी नवी लेन्स दे."

बापूनं माझ्या खांद्यावरच्या जुन्या कॅमेऱ्याकडं बघितलं. त्याची बायको काही बोलणार होती, तिला त्यानं चहा टाकायला लावलं. लेन्स पिशवीत घालून, वर गाठ मारून माझ्या हातात दिली.

लग्न झाल्यावर तो न्यायला आला. पिशवी समोरच, त्यानं मारलेली गाठ तशीच.

"फोकस बसला का, अक्का?"

"बसला की."

बापूनं चप्पल काढली, आत येऊन बसला.

"मग आता तुमची मोठी द्या. कागलला लग्नाची ऑर्डर हाय."