काष्टीत शार्क चावला

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. मगच सांगतो. मला शार्क चावला. कुठे? आमच्या काष्टीत! जिथल्या निम्म्या लोकांनी समुद्र फक्त टीव्हीवर बघितलाय, तिथे!

माझी लेक स्वाती रत्नागिरीला माशांचं काहीतरी शिकते. तिला तिथे मच्छीमारांच्या जाळ्यात आलेला एक शार्क मिळाला. दुर्मिळ म्हणे. हातभर लांब, समुद्राच्या तळाशी पडून राहणारा, आणि मेलेला. पुण्याच्या प्रयोगशाळेला रविवारची सुट्टी, म्हणून बाईसाहेब बर्फाची पेटी घेऊन घरी मुक्कामाला.

"पप्पा, याची जात दातांवरनं ठरणार हाय. माझं वर्षाचं काम हाय त्यात. हात लावू नका."

मी लावणार नव्हतो हो! पण शेजारचा बापू तडमडला ना.

"ह्यो शार्क? घोड धरणात ह्याच्यापेक्षा मोठा कटला घावतो. पिल्लू हाय जणू!"

आता मी पडलो बैलांचा व्यापारी. कुणी जनावराचं वय काढलं की माझा हात आपोआप त्याच्या तोंडाकडे जातो. दोन दाती की चार दाती, हे सांगण्यात माझी हयात गेली.

"पिल्लू? थांब, दात बघून सांगतो!" म्हणालो, आणि घातलं की बोट!

आत गेलं सहज. बाहेर येईना! बारीक दात, सगळे आतल्या बाजूला वळलेले. ओढलं की रुततात. मी बोंबलतोय, बापू शेपूट धरून ओढतोय, आणि स्वाती ओरडतेय, "सोडा, दात तुटतील!" माझ्या बोटाचं कुणी विचारतंय का? छे!

शेवटी लोंबणारा शार्क टॉवेलात गुंडाळून आम्ही तिघांनी दवाखाना गाठला.

"काय चावलं?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"शार्क."

आता मान वर झाली.

"पन मेलेला हाय," मी घाईघाईने म्हणालो.

"मेलेला शार्क चावला?"

"तसं न्हाई. मीच बोट घातलं. वय बघत हुतो."

डॉक्टरांनी आधी माझ्या तोंडाचा वास घेतला! मग टॉवेल उघडला, बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "जबडा कापावा लागेल."

स्वाती मध्ये पडली. "जबडा न्हाई कापायचा, डॉक्टर! असा दुसरा मिळायचा न्हाई."

"मग काय कापू?"

तिने माझ्या हाताकडे बघितलं. "पप्पांना अजून नऊ हायेत."

आणि काय सांगू, डॉक्टर चक्क विचारात पडले!