डाव्या कानातला इअरफोन

इस्पितळातल्या डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेले अहवाल ती घरी बसून, ऐकून टाइप करायची. सासूबाईंच्या टीव्हीच्या आवाजात औषधाचा आकडा दोनदा चुकला, तेव्हा साहेबांनी बजावलं, "आता चुकलात तर काम बंद."

म्हणून तिनं बाहेरचा आवाज अडवणारे, कानात घट्ट बसणारे इअरफोन आणले. सोबतची रबरी बोंडं चारदा बदलून पाहिली. डाव्या कानाला लहान बसलं, उजव्याला मधलं. आकडे नीट ऐकू यायला लागले, पण सासूबाईंच्या हाकेला ओ देणं राहून जायला लागलं.

चौथ्या दिवशी सासूबाई भिंत धरत धरत तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"काय हवंय, आई?"

"काही नको. दिवसभर काय ऐकतेस एवढं, ते तरी कळू दे."

समजावत बसायचं त्राण तिच्यात नव्हतं. डाव्या कानातला काढून तिनं त्यांच्या कानात बसवला. डॉक्टर कुणाच्या तरी मूत्रपिंडाबद्दल संथपणे सांगत होते. सासूबाई मान डोलवत ऐकत राहिल्या.

"बोलतो बाई सावकाश. या घरात एवढं कोण बोलतं माझ्याशी?"

तिनं तो इअरफोन त्यांच्या कानातच राहू दिला. उरलेला अहवाल तिनं एका कानानं, प्रत्येक आकडा तीनतीनदा मागे नेऊन टाइप केला.