जवळ्यातल्या गोळ्या

त्या माणसाचा उजवा हात मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याच्या मुठीच्या हाडांवर दोन खोल जखमा होत्या. त्या दातांच्या होत्या, पण चावा नव्हता. समोरच्याच्या तोंडावर जीव खाऊन ठोसा मारला की त्याचे दात मारणाऱ्याच्याच मुठीत घुसतात, तशा. दात कुणाचे हे विचारायची गरज नव्हती. त्याची बायको बाजूलाच पदर तोंडाला लावून उभी होती आणि पदर लाल झाला होता.

मी म्हटलं, "काय हो दादा, बायकोवर हात टाकता? लाज नाही वाटत?"

"शिस्टर, तू पट्टी मार. जास्त बोलू नको."

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नव्या मुंबईत तेव्हा मुंबई कमी आणि मातीच जास्त होती. दिवसभर डंपर भराव टाकत फिरायचे, आणि दवाखान्याच्या खिडक्या कितीही पुसल्या तरी तासाभरात त्यावर बोटानं नाव लिहिता यायचं. चार खोल्यांचा दवाखाना, आठवड्यातून तीन दिवस येणारे डॉक्टर, आणि बाकी सगळं माझ्या गळ्यात. मी कोकणातल्या बौद्धवाडीतली पोर, मुंबईच्या सरकारी इस्पितळात नर्सिंग शिकलेली. माझा बाप प्यायला की आईला वेताच्या टोपलीनं झोडायचा. तेव्हापासून बायकोला मारणारा पुरुष दिसला की माझ्या डोक्यात सणक जायची. पट्टी मी मारली, पण जखमेत टिंचर जरा जास्तच ओतलं. तो बोंबलला आणि त्यानं पाय मारून ट्रे उडवला. कात्री, चिमटे, किडनी ट्रे, सगळं खळाखळा फरशीवर.

डॉक्टर धावत आले. त्यांनी त्याचं बीपी बघितलं. वरचं दोनशे वीस, खालचं एकशे तीस. डॉक्टर म्हणाले, "हा माणूस उभा कसा आहे?" चाळिशीचा गडी, तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात ड्रम उचलायचा. त्याला प्रोप्रानोलॉल लिहून दिलं, सकाळी एक, संध्याकाळी एक. ती पुडी त्यानं माझ्या तोंडावर फेकली. "गोल्या बायका खातात," म्हणाला आणि निघून गेला.

गोळ्या फरशीभर झाल्या होत्या. त्याची बायको खाली बसली आणि फुटलेल्या ओठानं एकेक वेचायला लागली. बाकाखालची, ट्रेखालची, दाराच्या फटीतली. मी पण तिच्याबरोबर खाली बसले.

"बाई, या गोलीनं काय व्हतं?"

मी तिला समजावलं. हृदय फार जोरात धावतंय, ही गोळी त्याला लगाम घालते. नाडी हळू होते, बीपी उतरतं, माणूस जरा थंड पडतो.

ती वेचता वेचता थांबली. "थंड म्हंजी? मंग हात पन नाय उचलत?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "बघ की देऊन!"

गमतीत म्हटलं हो. दिवसातून शंभर वेळा आपण असं बोलतो. मी ते बोलले आणि चिमटे उकळायला गेले.

ती दर सोमवारी गोळ्या न्यायला येऊ लागली. तिसऱ्या सोमवारी ओठ भरून आला होता. पाचव्या सोमवारी केसात अबोलीचा गजरा. मी चिडवलं, "काय गं, लग्न ठरलं की काय तुझं?" ती तोंडावर हात घेऊन हसली. समोरचा एक दात अर्धा होता, तो लपवायला. नवरा येत नव्हता, पण ती सांगायची, गोल्या खातो, झोपतो गुमान. मी खूश. वहीत लिहायची, पेशंट नियमित. त्या वहीतलं ते अक्षर मला अजून दिसतं आणि स्वतःचीच चीड येते.

मग आठवड्याच्या गोळ्या तिला आठवडाभर पुरेनात. एकदा म्हणाली पान्यात परल्या, एकदा म्हणाली उंदरानं नेल्या. गोळ्या खाणारा उंदीर मी जन्मात पाहिला नव्हता. तरी मी दिल्या. कारण तिच्या अंगावर नवा वळ नव्हता, आणि ते बघायला मला आवडत होतं.

दोन महिन्यांनी कारखान्याच्या जीपनं त्याला आणून टाकलं. गेटवरच चक्कर येऊन पडला होता, कपाळ फुटलं होतं. हातपाय गार, ओठ निळसर. मी मनगट धरलं. आम्हाला शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. हृदयाच्या पेशंटची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं की त्या बोटांवर पट्टी मारायच्या. साठाच्या खाली आली तर गोळी हातात घ्यायची नाही, आधी डॉक्टर. मी पूर्ण मिनिट मोजली. चव्वेचाळीस.

डॉक्टरांनी ॲट्रोपीनचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं नाडी साठावर आली, गाल जरा लाल झाले. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या किती खाता?"

"एक पन नाय! मी कवाच खाल्ली नाय!" तो रडायलाच लागला. "डॉक्टर, माज्यावर करनी केलीय कोनीतरी. अंगात जोर नाय, ड्रम उचलत नाय. भगताला पैलं सांगतो, तो नाव काडील. ज्यानं केलंय त्याला उभा चिरतो बघा."

डॉक्टर बुचकळ्यात पडले. गोळी नाही आणि नाडी चव्वेचाळीस? त्यांना वाटलं हृदयातच काही बिघाड. मुंबईला मोठ्या इस्पितळात कार्डिओग्राम काढा असं त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं. मी मात्र त्याच्या बायकोकडे बघत होते, आणि ती फरशीकडे.

तिला दंडाला धरून ड्रेसिंगच्या खोलीत ओढलं, कडी लावली. "किती घालतेस?"

"बाई..."

"किती?"

जवळ्यात घालायची. सुका जवळा, चिंच, भरपूर तिखट. त्यात गोळीचा कडूपणा कळायचा नाही. आधी माझ्या सांगण्याप्रमाणे दोनच. त्यानं तो मऊ पडला. पण एक दिवस त्यानं तिच्यावर पितळेचा तांब्या फेकला म्हणून तीन केल्या. मग चार. आता रोजच्या पाच, दोन सकाळच्या भाकरीबरोबर, तीन रात्री. सांगताना ती मोठ्या भाबडेपणानं सांगत होती, जशी एखादी सुगरण पदार्थ सांगते. "तुमीच बोलला ना बाई, बघ देऊन."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी तिच्या थोबाडीत मारली.

सणसणीत मारली. तिचं डोकं कपाटावर आपटलं, आतल्या बाटल्या वाजल्या. "अगं बये, मेला असता तो! खुनी ठरशील, फासावर जाशील आणि मला पण नेशील!" मी तिच्या कनवटीची पुडी हिसकावून घेतली आणि मोरीत ओतली. "आजपासून एक गोळी जरी त्याच्या पोटात गेली ना, तर पोलिसात मी देईन तुला. कळलं? आजपासून बंद!"

ती गाल धरून म्हणाली, "मंग मी मरन, बाई."

"नाही मरत," मी म्हटलं. माझं काय जात होतं म्हणायला!

आमच्या त्याच कडक बाईंनी आणखी एक गोष्ट घोकून घेतली होती. ही गोळी एकदम बंद करायची नसते. रोज थोडी कमी करत, दहाबारा दिवसांत उतरवायची. नाहीतर दाबून धरलेलं हृदय दुपटीनं उसळतं. हे मला येत होतं. परीक्षेत लिहिलं होतं, नव्या मुलींना मी स्वतः शिकवलं होतं. पण रागाच्या भरात ते माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. संध्याकाळी भात खाताना आलं. घास तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर होते. सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे "बघ देऊन" पण सांगावं लागलं असतं, उंदरानं नेलेल्या गोळ्या सांगाव्या लागल्या असत्या. नोकरी गेली असती. मी विचार केला, तगडा माणूस आहे, काही होत नाही. खरं सांगते, मी घाबरले. तिच्या गावी निरोपही पाठवला नाही.

पाचव्या दिवशी, भर दुपारी, बाहेर आरडाओरडा झाला. टेंपोतून चार जणांनी त्याला उतरवलं. घामानं निथळत होता, डोळे बाहेर आलेले, छाती दोन्ही हातांनी आवळलेली. आणि त्याच टेंपोच्या मागच्या कडेला ती बसली होती. तिला कुणी उतरवलंच नाही. ती स्वतः उतरली.

टेंपोतल्या एकानं सांगितलं. दोन दिवस त्याला झोप नव्हती, छाती धडधडत होती, घरात वाघासारखा फिरत होता. भगतानं नाव काढलं नव्हतं, पण त्याला नाव कुणाचं तरी हवंच होतं. सकाळी जवळा बेचव लागला म्हणून त्यानं टोप भिंतीवर मारला, चूल लाथेनं फोडली, आणि होडीचं जुनं वल्हं पडलं होतं ते उचललं. तिनं डोकं वाचवायला हात आडवा घातला. शेजारचे दार तोडून आत येईपर्यंत तो मारत होता. थांबला तो त्याच्या छातीत कळ आली म्हणून. दया आली म्हणून नव्हे.

मी नाडी धरली. पूर्ण मिनिट. एकशे चौतीस. बीपी पाऱ्याच्या नळीत वरपर्यंत. डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली, ऑक्सिजन लावला, आणि ओरडले, "हे काय चाललंय? परवा चव्वेचाळीस, आज हे?"

मी त्यांना दाराबाहेर नेलं. "डॉक्टर, तो गोळ्या खात होता. रोज पाच. त्याला माहीत नाही. मीच एकदम बंद करायला लावल्या."

त्यांनी भिंतीवर हात आपटला. "तुम्हाला नर्स कुणी केलं हो? तोंड होतं ना तुम्हाला? पाच दिवस होते ना?"

मी म्हटलं, "तो वाचला पाहिजे. नाहीतर ती आत जाईल."

"आधी तीच गोळी आणा, प्रोप्रानोलॉल," ते म्हणाले.

ती गोळी मी माझ्या हातानं दिली. एकच, त्याला दाखवून, पाण्याबरोबर. या वेळी त्यानं फेकली नाही. मरणाची भीती वाटली की गोळ्या पुरुषही खातात. अर्ध्या तासानं एकशे दहा. मग शंभर. मग नव्वद. दर दहा मिनिटांनी मी त्याचं मनगट धरत होते, त्याच मुठीवरचे पांढरे व्रण माझ्या अंगठ्याखाली येत होते, आणि मी मनापासून म्हणत होते, जग रे मेल्या, जग. एवढा तिटकारा असलेल्या माणसासाठी मी असा जीव कधी टाकला नव्हता. संध्याकाळी अँब्युलन्स त्याला मुंबईला घेऊन गेली. तो जगला. कारखान्यात परत गेला आणि गोळ्या नियमित खाऊ लागला असं नंतर कळलं. डॉक्टरांनी माझी तक्रार केली नाही. का नाही केली, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

अँब्युलन्स गेल्यावर मला ती आठवली. हो, तोपर्यंत आठवली नव्हती. दुपारभर ती ड्रेसिंगच्या खोलीत त्याच कपाटाला टेकून खाली बसली होती. एका कानातून रक्त येऊन सुकलं होतं. डावा हात मनगटाच्या वर भलतीकडेच वळला होता, आणि तो तिनं मांडीवर नीट ठेवला होता.

"अगं, आवाज तरी द्यायचा," मी म्हटलं.

"तुमी कामात व्हता."

मी फळी आणली, कापूस आणला, पट्टी आणली. तिला सांगितलं, आता घरी जायचं नाही. द्रोणागिरीच्या बाजूच्या गावात तिचा भाऊ होता, त्याला निरोप धाडते, तो येईल. ती मान हलवत होती. दोन दिवसांनी ती त्याच्याबरोबर गेली, आणि पुन्हा आमच्या बाजूला आली नाही, पण ते नंतरचं. तेव्हा मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. तिला धाप लागली होती, म्हणून आधी नाडी बघावी म्हटलं आणि हात पुढे केला.

तिनं डोळे गच्च मिटले, मान खांद्यात ओढली आणि तोंडासमोर हात आडवा धरला. मोडलेला हात. माझ्यापासून तोंड वाचवायला.

मी हात तसाच ठेवला, हवेत. "नाडी बघायचीय फक्त," मी म्हटलं. "नाडी गं." बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, माझ्या हाताकडे बघितलं, आणि चांगला हात हळूच पुढे केला. मी घड्याळ बघून मोजायला लागले, मध्येच आकडा चुकला, म्हणून पहिल्यापासून पुन्हा मोजलं, पूर्ण मिनिट.