वाडीच्या केंद्रावरची अकरा मतं

भातात पंदनचं, इथल्या त्या सुवासिक झाडाचं, पान घातलं की त्या वासासरशी मला विधानसभेच्या निकालाची ती दुपार आठवते. माझा धाकटा दीर गावाकडे अपक्ष उभा होता, आणि आम्ही नवरा-बायको इथे परदेशात, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसलेलो. तो पडणार हे दिसतच होतं हो, पण पंदनचा भात निवत चालला तरी हे काही जेवायला उठेनात. चारच्या सुमाराला दिराचा फोन आला, आवाज अगदी शांत. म्हणाला, "वहिनी, हरलो त्याचं काही नाही. पण आपल्या वाडीच्या केंद्रावर मला अकराच मतं आहेत. नुसत्या भावकीची चाळीस होतात. दादा कुणाशी काही बोलला होता का?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. आठवड्यापूर्वी ह्यांनीच एकेका चुलतभावाला फोन करून सांगितलं होतं, "ह्या वेळी त्याला पडू दे, म्हणजे राजकारणाचा नाद तरी सुटेल." ह्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "नाही रे, त्यांना कुठे वेळ असतो?" "मग ठीक आहे," तो म्हणाला, "बाकीच्यांचं मी सोसेन." आता हे नाहीत. दीर अजून दर दिवाळीला फोन करतो, दादासारखा भाऊ कुणाला मिळायचा नाही म्हणतो, आणि मी हो म्हणते.