पायातली सळी
परवा विमानतळावर तपासणीच्या दारातून जाताना मशीन वाजलं आणि सातवीतला संताप जसाच्या तसा उसळला. आमच्या चौलच्या शाळेची सहल पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या केंद्रात जायची होती. तिथे लोखंड चालत नाही म्हणून आदल्या दिवशी सर डबा घेऊन वर्गात फिरले, आणि आम्ही पोरींनी केसांतल्या पिना काढून त्यात टाकल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सर, हिच्या पायात सळी हाय!" आंब्यावरून पडून मोडलेल्या पायात डॉक्टरांनी ती बसवली होती. सर माझ्या पायाकडे बघत म्हणाले, "मग तू राहा घरी. यंत्रं बिघडली म्हणजे?" केंद्रात एक फोन करून विचारावं, एवढंही त्यांना सुचलं नाही. संध्याकाळी आई शाळेत जाऊन कडाडली, "सळी उपटून पाठवू काय पोरीला?" सर नुसते हसले. सकाळी मी फाटकाशी उभी होते. झिंज्या सुटलेल्या मैत्रिणी खिडक्यांतून हात हलवत होत्या, आणि त्यांना घेऊन ती अख्खी लोखंडी बस यंत्रांकडे निघाली होती. परवा विमानतळावरच्या बाईने एवढंच विचारलं, "पायात सळी आहे का, ताई?" आणि मला आत सोडलं.