लिंबाजीने पाणी घातलं नव्हतं

गुलाबाच्या सगळ्या ओळी सुकल्या होत्या. मागच्या भिंतीकडची ओळ मात्र ओली होती. मी आळ्यात बोट खुपसलं तर गार चिखल लागला.

"लिंबाजी, इथं पाणी कुणी घातलं?"

"म्या न्हाई, सायेब."

"मग ही ओल आली कुठून?"

"आता मला काय ठावं? काळं रान हाय, धरलं आसंल पाणी."

काळी माती पाणी धरून ठेवते हे खरं. पण बाकीच्या ओळीही त्याच मातीत होत्या आणि तिथं भेगा पडायला लागल्या होत्या.

ही गोष्ट परळीची, काही वर्षांपूर्वीची. एका कारखान्याच्या वसाहतीत मी उद्यान सुपरवायझर होतो. रिटायर झाल्यावर लोकांच्या घरच्या बागा सांभाळायला घेतल्या. लिंबाजी वसाहतीत माझ्या हाताखाली माळी होता, तोच बरोबर आला. सुधाकरशेठ कापडवाले यांच्या घरामागची बाग आमच्याकडे होती. मार्गशीर्षात त्यांच्या मुलीचा साखरपुडा त्याच बागेत ठरला होता. "काका, पाहुण्यांनी गुलाब बघूनच गार व्हावं," असं शेठ म्हणाले होते. मी हो म्हणालो होतो.

दसरा, कोजागिरी झाली की पाऊस संपलेला असतो आणि थंडी दाराशी असते. घरची बाग हिवाळ्यासाठी तयार करायची ती याच दिवसांत. शेवंतीला काठ्या बांधायच्या, मेथी-पालकाचे वाफे करायचे, सावलीतल्या कुंड्या उन्हात आणायच्या. ही कामं कुणालाही जमतात. गुलाबाला मात्र आम्ही ताण देतो. ताण म्हणजे पाणी तोडणं. बुंध्याभोवतीची माती उकरून आळं करायचं आणि मुळांना काही दिवस ऊन दाखवायचं. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड विसावतं. मग छाटणी करायची, आळ्यात शेणखत भरायचं आणि पाणी सोडायचं. दीडेक महिन्यात झाड फुलांवर येतं. निदान मी नोकरीभर हेच शिकवत आलो होतो. ताणात मध्येच पाणी पडलं तर सगळं वाया, हेही मीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ ओली. उलट जास्तच. पानं हिरवीगार, आणि एका फांदीवर तर नवा फुटवा. तेवढ्यात शेठ चहाचा कप घेऊन बागेत आले.

"काका, या ओळीला कावून पानं हायेत अजून?"

"कुणीतरी पाणी घालतंय."

"कुणीतरी कोण? बागेत तुम्ही दोघंच तर असता." शेठ लिंबाजीकडे वळले. "काय बे, काकांनी सांगितलेलं कळत न्हाई का?"

"शेठ, आईची आण, थेंब न्हाई टाकला म्या."

"मग काय झाडं नळावर चालत गेली व्हती?"

शेजारचे दोघं भिंतीवरून बघत होते. ते हसले. लिंबाजीने माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. पण साखरपुड्याच्या फुलांची हमी मी दिली होती आणि ती माझ्या डोळ्यांदेखत भिजत होती. मी म्हणालो, "लिंबाजी, उद्यापासून या घरी येऊ नको."

त्याने खुरपं धुतलं, पुसलं आणि माझ्या पायाशी ठेवलं. "सायेब, हितं चार माणसांत बोललात. ध्यानात ठिवा." एवढं बोलून तो गेला.

पुढच्या दोन्ही सकाळी ओळ ओलीच होती. म्हणजे लिंबाजी खरं बोलत होता, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. मागच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे असायची. तिसऱ्या दिवशी मी झुंजूमुंजू होताच फाटक उघडून आत गेलो.

गुलाबाच्या मागच्या ओळीत शेठच्या आई उभ्या होत्या. माई म्हणत त्यांना सगळे. ऐंशी ओलांडलेल्या, काडीसारख्या. केस ओले, अंगावर कोरडं लुगडं, हातात तांब्या, शेजारी बादली. एकेका आळ्यात मापून एकेक तांब्या ओतत होत्या, अगदी पंगतीत वरण वाढावं तसं.

"माई!"

"आरं हळू बोल की, गुलाबवाल्या! सून उठंल."

"तुम्ही पाणी घालताय झाडांना?"

"झाडाला कुठं? झाडाचं मला काय पडलंय! पाणी लपवाया लागलेय."

मग सगळा उलगडा झाला. कोजागिरीपासून माईंचं कार्तिकस्नान सुरू झालं होतं. पहाटे गार पाण्याने आंघोळ, महिनाभर. लग्न होऊन आल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. पण आदल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी गार पाणी बंद केलं आणि मुलाने त्यांना देवासमोर बसवून कबूल करून घेतलं. माईंनी कबूल केलं आणि कोजागिरीला पहाटे उठून मागच्या मोरीत न्हाल्या. अडचण एवढीच होती की मोरीचं पाणी सुनेच्या स्वयंपाकघराच्या दारावरून वाहत गटाराला जायचं. दार ओलं दिसलं की चोरी उघडी. म्हणून त्या घंगाळात उभ्या राहून न्हायच्या आणि ते पाणी बादलीने बाहेर आणायच्या.

"आधी भुईवर वतायचे तर लोट भाईर जायचा," त्या म्हणाल्या. "बरं झालं, तू खड्डे करून ठिवलेस. लई झ्याक मुरतंय बघ."

मी कपाळाला हात लावला. ताणासाठी केलेली आळी माईंनी शोषखड्डे म्हणून वापरली होती.

"माई, इथं नका ओतू. कोपऱ्यात केळी आहे, तिला कितीही पाणी चालतं."

"चालंल. पण सुध्याला सांगू नगंस. घे माझ्या गळ्याची आण."

मी घेतली. त्या दिवसापासून पाणी केळीला जाऊ लागलं आणि त्या ओळीची माती सुकली, पण ताण बसायला उशीर झाला होता. शेठनी ते पाहिलं आणि म्हणाले, "बघा काका, माळी गेला आन् ओल गेली. मी म्हणलो न्हवतो?"

मी हो म्हणून मान हलवली.

माझी चूक विचाराल तर ही. आधी लिंबाजीवर आलेला आळ रागात आला होता. तोच आता मी थंड डोक्याने पक्का केला. शेठनी तो गल्लीत सांगितला, आणि गल्लीतल्या दुसऱ्या दोन घरांनीही लिंबाजीला बंद केलं. तो गावी नांदूरघाटला निघून गेला. मी फोन केला, "माझं चुकलं," म्हणालो.

"मग पाणी कोण घालत व्हतं?"

"ते सांगता येत नाही."

"तर मग फोनवर नगा सांगू. जिथं बोललात तिथं बोला." त्याने फोन ठेवला.

सगळ्या ओळींची छाटणी मी एकट्याने केली. साखरपुड्याच्या दिवशी बाग बघायला शेजारपाजार लोटला. आणि सगळ्यात आधी, सगळ्यात मोठी फुलं कुठं आली होती? मागच्या भिंतीकडच्या ओळीत. ताण मिळालेल्या ओळी अजून कळ्यांतच होत्या. नवऱ्या मुलीने फोटो काढले ते त्या ओळीसमोर. शेठनी मला शाल दिली. म्हणजे लिंबाजीने जे केलंच नव्हतं, ते त्याने केलं असतं तरी शाबासकीच द्यायला हवी होती. ती शाल मी अजून अंगावर घेतलेली नाही.

गेल्या वर्षी कोजागिरीच्या आधी मी माईंकडे गेलो. म्हटलं, आता तरी आणेतून सोडवा, लिंबाजीवरचा आळ काढायचा आहे.

"कसला आळ?"

मी सांगितलं.

"म्हंजे माझ्या पाण्यापायी तू त्याला घालवलंस? मला वाटलं, त्यो शेती कराया गेला गावाकडं! आरं, त्याच दिशी सांगायचं न्हाईस मला? मीच सुध्याला बोलले असते. दोन दिस फुगला असता आन् गप झाला असता."

एवढी वर्षं आण पाळली, आण पाळली म्हणून मी स्वतःची समजूत घालत होतो. माईंना एकदा विचारावं, हे मला सुचलं नव्हतं. खरं तर सुचू दिलं नव्हतं.

"जा, घिऊन ये त्याला," माई म्हणाल्या.

मी एसटीने नांदूरघाटला गेलो. लिंबाजी बाजारात मिरची-वांग्याची रोपं विकत बसला होता. "चारचौघांत बोलतो, चल," म्हणालो. त्याने रोपं भावाकडे दिली आणि टोपी झटकली.

शेठच्या बागेत माईंनी शेजारच्या त्या दोघांनाही बोलावून ठेवलं होतं. मी गुलाबाच्या ओळीत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. लिंबाजीने पाणी घातलं नव्हतं. मला ते माहीत होतं. तरी मी मान हलवली होती.

शेठ आधी माईंवर घसरले. "माई, डाक्टरनं काय सांगितलं व्हतं? देवापुढं कबूल केलतंस ना तू?"

"केलतं. आन् न्हाले. मेले का?"

लिंबाजी इतका हसला की खालीच बसला. शेजारचे दोघंही हसले, पण या खेपेला लिंबाजीला नाही, आम्हाला. शेठ त्याच्याजवळ गेले. "लिंबाजी, माझं तोंड सुटलं त्या दिवशी. राग नगं धरू. बाग परत घे."

लिंबाजी माझ्याकडे बघत म्हणाला, "घेतो. पण सायबाच्या हाताखाली न्हाई."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी या खेपेलाही मान हलवली.

आता ती बाग लिंबाजी एकटा बघतो. गुलाबाची मुळं उघडी करत नाही, ताण देत नाही, नुसती छाटणी करतो आणि खत घालतो. मीही बाकीच्या घरी तेच करतो. माईंना सून पहाटे गिझरचं पाणी काढून देते आणि त्या रोज तिच्याशी भांडतात. मी कधी तिकडे गेलो तर लिंबाजी चहा सांगतो, पण छाटणीची कात्री, सिकेटर, हातात देत नाही.

एक गोष्ट मात्र धंद्यातल्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. क्लायंटसमोर चुकीचं निदान केलं तर ते क्लायंटसमोरच मागे घ्यावं, आणि त्याच आठवड्यात. उशीर केला तर एसटीने नांदूरघाटला जावं लागतं, आणि तरीही काम दुसऱ्याकडेच जातं.